लोगो दिसण्याआधी: जुन्या लॅपटॉपवर मुक्त फर्मवेअर

विश्रामबागेत माझ्या मित्राचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या काउंटरच्या खालच्या खणात, चार्जरच्या पिना आणि स्क्रूंच्या डब्यांशेजारी, चुन्याच्या डबीएवढा एक काळा यूएसबी प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये फाईल भरायचं साधन, पडलेला असतो. सीएच३४१ए त्याचं नाव. बोर्डाचं काम करणाऱ्या बहुतेक कारागिरांकडे तो सापडतो. लॅपटॉपचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते, तेव्हा मित्र म्हणतो, "बायोस उडालाय." मग मदरबोर्डवरच्या एका आयसीला क्लिप लावायची, त्या मॉडेलची 'बिन फाईल' मिळवून आत भरायची, आणि बहुतेक वेळा लॅपटॉप उठतो.

त्या फाईलमध्ये काय असतं हे गिऱ्हाईक विचारत नाही. विचारलं तरी मित्राला सांगता येणार नाही, कारण ती कंपनीची बंद फाईल असते. मला मात्र गेली काही वर्षं त्याच फाईलनं धरून ठेवलंय. तशीच क्लिप लावून, कंपनीच्या फाईलच्या जागी आपल्याला वाचता येईल, बदलता येईल, दुसऱ्याला देता येईल अशी फाईल त्या आयसीत भरता येते. ठरावीक जुन्या लॅपटॉपवरच, हे खरं. पण ते लॅपटॉप आज भंगारात निघतायत, म्हणून हे आत्ता लिहायची घाई.

आधी बटण दाबल्यावर काय होतं ते पाहू. प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. डिस्क कुठे आहे, स्क्रीन कुठे आहे, कीबोर्ड जोडलाय का, काही नाही. रॅमसुद्धा अजून वापरता येत नाही. त्याला एकच पत्ता माहीत असतो, तोही कारखान्यातच घडवलेला: चार जीबीच्या हद्दीच्या सोळा बाइट अलीकडे. इंटेल-एएमडीच्या घराण्यातला प्रोसेसर तिथूनच पहिली सूचना उचलतो. त्या पत्त्यावर बोर्डनं एक छोटी फ्लॅश चिप जोडून ठेवलेली असते. तिच्यातला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. जुन्या यंत्रांत बायोस, नव्यांत यूईएफआय. दुकानात दोन्हीला बायोसच म्हणतात, मीही तसंच म्हणतो.

या प्रोग्रामचं सगळ्यात अवघड काम म्हणजे रॅम लावणं. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप असते आणि तिच्यात त्या पट्टीची कुंडली लिहिलेली असते: क्षमता किती, वेग किती, कोणत्या कामाआधी किती थांबायचं. फर्मवेअर ती कुंडली वाचतं, पण तेवढ्यानं भागत नाही. थिंकपॅड एक्स२०० हा २००८ सालचा लॅपटॉप घ्या. त्यातली १०६६ वेगाची डीडीआर३ रॅम एका तारेवरून सेकंदाला सुमारे १०६ कोटी बिट पाठवते. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला एक नॅनोसेकंदही येत नाही. तेवढ्या वेळात बोर्डवरच्या तारेतून सिग्नल वीतभरसुद्धा पुढे सरकत नाही. मग तार बोटभर लांब झाली किंवा पट्टी दुसऱ्या कंपनीची निघाली, की सिग्नल पोचायची वेळ चुकते आणि वाचलेला बिट चुकतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कुणी पाहिलं असेल तर हे चटकन कळेल. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. कारागीर तो किंचित पुढे सरकवतो, किंचित मागे घेतो. एका जागी आवाज मिटतो, दुसऱ्या जागी नुसता खरखरतो, आणि मधे कुठेतरी तार उघडी बोलायला लागते. फर्मवेअर रॅमशी हेच करतं. उशीर थोडा वाढवून वाचून बघायचं, एका टोकाला बिघडतं. कमी करत जायचं, दुसऱ्या टोकाला बिघडतं. मग त्या दोन टोकांच्या मधल्या जागी थांबायचं. आणि ही जुळवाजुळव रॅम नसताना करायची असते! प्रोग्रामला चालताना हिशेब मांडायला थोडी तरी जागा लागते, ती कुठून आणायची? तर प्रोसेसरच्या पोटात कॅश नावाची जी छोटी मेमरी असते, तिलाच तेवढ्यापुरती रॅम म्हणून राबवतात. मला हे पहिल्यांदा वाचताना इतका आनंद झाला होता की त्या रात्री मी ती सगळी फाईल वाचून काढली. वाचू शकलो, कारण ती उघडी होती.

ती फाईल कोअरबूट नावाच्या प्रकल्पातली. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९९ साली रॉन मिनिच यांनी केली. तेव्हा त्याचं नाव लिनक्सबायोस होतं. शेकडो संगणक एकत्र जोडून एक मोठं यंत्र करायचं, तर घरगुती पीसीचा बायोस आडवा येतो. तो कीबोर्ड शोधतो, फ्लॉपी शोधतो, आणि काही चुकलं की कुणी माणूस येऊन बटण दाबेल म्हणून थांबून राहतो. प्रत्येक यंत्रापाशी माणूस उभा करणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचं फर्मवेअर लिहायला घेतलं. २००८ साली नाव बदलून कोअरबूट झालं. आज क्रोमबुकमध्ये हेच फर्मवेअर असतं, म्हणजे शाळांमधल्या कितीतरी मुलांच्या हातात ते आहे, त्यांना पत्ता नसला तरी.

कोअरबूट आपलं काम मुद्दाम थोडकं ठेवतं. रॅम लावायची, चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपा) जागा करायचा, आणि पुढच्या प्रोग्रामच्या हाती कारभार सोपवून बाजूला व्हायचं. या पुढच्या प्रोग्रामला पेलोड म्हणतात आणि तो आपण निवडायचा. जुन्या बायोससारखी वागणूक हवी असेल तर सीबायोस. लिनक्स ही कार्यप्रणाली सुरू करून देणारा, लिनक्सवाल्यांना परिचयाचा ग्रब हवा असेल तर तो थेट चिपमध्येच बसतो, डिस्कला हात लावायच्या आधीच हजर. याचा एक मोठा फायदा सांगतो. एरवी डिस्क कूटबद्ध केली तरी सुरुवातीचा एक भाग उघडा ठेवावा लागतो, नाहीतर यंत्र उठणार कसं. ग्रब चिपमध्ये असला की तोच पासवर्ड विचारतो आणि डिस्कचा शेवटचा कोपरासुद्धा कूटबद्ध ठेवता येतो.

लिबरबूट हे दुसरं नाव ऐकलं असेल. लिया रो यांनी २०१३ साली सुरू केलेला हा प्रकल्प कोअरबूटवरच उभा आहे. कोअरबूट म्हणजे कच्चा माल: स्रोत, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, घ्या, आपल्या बोर्डाप्रमाणे पर्याय निवडा, स्वतः फाईल तयार करा. लिबरबूट ती फाईल ठरावीक लॅपटॉपांसाठी आधीच तयार करून देतं. नवख्या माणसानं लिबरबूटपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

आता 'मुक्त' या शब्दाविषयी. याला पैसे पडत नाहीत, पण ती गोष्ट दुय्यम आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची, म्हणजे मुक्त कार्यप्रणाली घडवण्याच्या कामाची, घोषणा केली. त्या चळवळीनं पुढे मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या चार हक्कांत बसवली: हव्या त्या कामासाठी वापरणं, आत काय आहे ते अभ्यासणं, बदलणं, आणि मूळ किंवा बदललेली प्रत इतरांना देणं. आपण लॅपटॉपवर डेबियन किंवा मिंटसारखं लिनक्स टाकतो तेव्हा हे हक्क आपल्याला मिळतात, पण फक्त लोगो गेल्यानंतर. त्याच्या आधीचे दोन-चार सेकंद कंपनीचेच राहतात.

दोन-चार सेकंदांचं एवढं काय, असं मला अनेकांनी विचारलंय. प्रश्न रास्त आहे. पहिलं उत्तर असं की जो आधी उठतो तो बाकीच्यांची घडी बसवतो. फर्मवेअरमध्ये घुसलेला घातकी प्रोग्राम विंडोज पुसून पुन्हा टाकलं तरी जात नाही, कारण तो डिस्कवर राहतच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये 'लोगोफेल' नावानं दोषांची एक मालिका जाहीर झाली. सुरू होताना कंपनीचा लोगो दाखवण्यासाठी यूईएफआयमध्ये चित्र वाचणारा जो भाग असतो, त्यातच भगदाडं होती. मुद्दाम बिघडवलेलं चित्र तिथे ठेवलं की सुरक्षेच्या पुढच्या सगळ्या पायऱ्यांच्या आधी परका प्रोग्राम चालवता येत होता. नव्या यंत्रांना दुरुस्तीच्या फाईली मिळतात. जुन्या यंत्रांना कंपनी काही वर्षांनी फाईल देणं थांबवते, आणि आत काय आहे ते दिसतच नसल्यानं दुसरं कुणी दुरुस्ती करू शकत नाही.

दुसरं उत्तर रोजच्या वापरातलं आहे. अनेक जुन्या थिंकपॅडच्या मूळ बायोसमध्ये वायफाय कार्डांची एक मान्य यादी असते. यादीबाहेरचं कार्ड बसवलं की १८०२ क्रमांकाची चूक दाखवून यंत्र पुढे जायलाच नकार देतं. कार्डात दोष नाही, खाचेत दोष नाही, फक्त यादीत नाव नाही. कोअरबूटमध्ये अशी यादीच नाही. एक्स२०० मध्ये मी अथेरॉसचं जुनं कार्ड बसवलंय. लिनक्समध्ये ते एकाही बंद फाईलशिवाय चालतं.

आणि तिसरं उत्तर म्हणजे मॅनेजमेंट इंजिन. इंटेलच्या २००६ नंतरच्या यंत्रांत मुख्य प्रोसेसरखेरीज आणखी एक छोटा प्रोसेसर चिपसेटमध्ये असतो. मोठ्या कार्यालयातला तंत्रज्ञ दूर बसून शेकडो संगणक सांभाळू शकावा, हा त्याचा एक हेतू. त्यासाठी त्याला रॅमपर्यंत आणि नेटवर्कपर्यंत पोच दिलेली असते आणि लॅपटॉप झोपलेला असतानाही तो जागा राहू शकतो. त्याचा प्रोग्रामही त्याच फ्लॅश चिपमध्ये असतो आणि तो बंद आहे. मे २०१७ मध्ये त्याच्या दूरनियंत्रणाच्या भागात एक चूक जाहीर झाली. पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी ते बरोबर धरलं जात होतं! २०१० पासूनच्या अनेक पिढ्यांच्या यंत्रांत ही चूक होती, म्हणजे सुमारे सात वर्षं ती कुणाला दिसली नव्हती. त्याच वर्षी असंही समोर आलं की या इंजिनाच्या नव्या आवृत्त्यांत मिनिक्स ही कार्यप्रणाली चालते. अँड्र्यू टॅनेनबाम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी १९८७ साली लिहिलेली हीच ती प्रणाली. त्यांनी इंटेलला उघडं पत्र लिहिलं. परवान्याप्रमाणे सांगणं बंधनकारक नव्हतं, पण सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, असा त्याचा सूर होता.

एक्स२०० च्या पिढीत हे इंजिन पूर्ण काढून टाकता येतं. चिपच्या सुरुवातीला एक नकाशा असतो: कोणता भाग कुठून कुठपर्यंत. नकाशात इंजिन बंद म्हणून खूण करायची, त्याचा भागच वगळायचा, आणि यंत्र काहीही तक्रार न करता चालतं. त्यानंतरच्या पिढ्यांत हे जमत नाही. इंजिनाचा प्रोग्राम नीट सापडला नाही तर यंत्र साधारण तीस मिनिटांनी आपोआप बंद पडतं. तिथे फार तर त्याचे बरेचसे भाग छाटून, सुरुवातीचं काम झाल्यावर त्याला गप्प बसवता येतं. २०१२ च्या एक्स२३० वर लोक असंच करतात, आणि रोजच्या कामाला एक्स२३० नक्कीच जास्त बरा. पण पूर्ण मोकळं यंत्र कसं असतं ते बघायचं असेल तर एक्स२००.

आता प्रत्यक्ष काम. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी मी आणि इंजिनीअरिंगला असलेली माझी भाची घरच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून बसलो. पांढरी अशासाठी, की काळे स्क्रू तिच्यावर दिसतात. सगळ्यात आधी चार्जर काढायचा, बॅटरी काढायची. मग खालचे स्क्रू सोडवून कीबोर्ड स्क्रीनकडे किंचित सरकवायचा आणि पुढची कड उचलायची. त्यानंतर हात टेकवायची पट्टी निघते. तिच्याखाली बोर्डच्या कडेला ती चिप. आमची सोळा पायांची, आठ एमबीची निघाली. काही एक्स२०० मध्ये आठ पायांची, चार एमबीची असते, म्हणून क्लिप मागवण्याआधी उघडून बघावं. अक्षरं इतकी बारीक की भाचीनं मोबाईलचा कॅमेरा लावून मोठी करून वाचली.

मित्राचा काळा प्रोग्रामर मी इथे वापरला नाही. ही चिप ३.३ व्होल्टची असते. त्या काळ्या बोर्डाच्या अनेक प्रतींमध्ये चिपला वीज ३.३ व्होल्टची जाते, पण माहितीच्या तारांवर पाच व्होल्ट येतात. दुरुस्तीवाले तो रोज वापरतात आणि बऱ्याचदा निभावतंही, पण तारांवर पाच व्होल्ट असताना दुसऱ्याच्या बोर्डाला मी तो लावणार नाही. रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड मुळातच ३.३ व्होल्टवर चालतो. त्यात एक फाईल टाकली की तोच प्रोग्रामर होतो.

लिहिण्याआधी वाचायचं. चिपमधली मूळ फाईल फ्लॅशरॉम नावाच्या प्रोग्रामनं उतरवून घ्यायची, एकदा नाही, निदान दोनदा, आणि दोन्हींचा हॅश ताडून बघायचा. हॅश म्हणजे फाईलवरून काढलेला आकडा. एक बिट जरी बदलला तरी सगळा आकडा बदलतो. आम्ही तीनदा वाचलं.

"मामा, तिन्ही वेळा वेगळं येतंय."

इथे माणूस घाबरतो, पण घाबरायचं कारण नव्हतं, कारण अजून काहीच लिहिलं नव्हतं. चूक माझी होती. क्लिपपासून पिकोपर्यंतच्या तारा मी फूटभर ठेवल्या होत्या. वर जे रॅमच्या तारांचं सांगितलं तेच इथे लहान प्रमाणात: लांब तारेत सिग्नलच्या कडा बोथट होतात, शेजारची तार त्यात आपला आवाज मिसळते. तारा बोटभर केल्या, चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले, क्लिप पुन्हा दाबून बसवली. मग तीन वेळा वाचलं, तिन्ही हॅश एक. ती फाईल आम्ही दोन पेनड्राइव्हवर ठेवली आणि लॅपटॉपच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. नवी फाईल उद्या पटली नाही तर परत जायची वाट हीच आहे.

एक बारीक गोष्ट पुष्कळांकडून राहून जाते. केबलच्या नेटवर्कचा मॅक क्रमांक, म्हणजे नेटवर्कवर लॅपटॉप ओळखायचा आकडा, याच चिपमध्ये असतो. एक्स२०० वर तो भाग जेमतेम आठ केबीचा, पण त्यात आपला क्रमांक घातला नाही तर तयार फाईलमधला सरसकट क्रमांक येतो. एकाच घरात असे दोन लॅपटॉप असले की राउटरचा गोंधळ होतो. लिबरबूटच्या साधनानं लिहिण्याआधीच आपला क्रमांक त्या फाईलमध्ये घालता येतो.

मग लिहिलं. लिहून झाल्यावर फ्लॅशरॉम स्वतःच पुन्हा वाचून ताडतं आणि 'व्हेरिफाइड' म्हणतं. तो शब्द येईपर्यंत क्लिपला आणि टेबलाला कुणीही धक्का लावायचा नाही. बाहेर धो धो पाऊस, लाईट जाईल ही धाकधूक होतीच, पण पिको जोडलेला दुसरा लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घेतला होता. शब्द आला. पट्टी नुसती टेकवून, कीबोर्ड जोडून बटण दाबलं, आणि कंपनीच्या लोगोच्या जागी ग्रबचा मेनू आला. पुढच्या वेळी आवृत्ती बदलायची तर लॅपटॉप उघडायची गरज नाही, लिनक्समधूनच लिहिता येतं. कंपनीच्या बायोसनं लावलेलं लिहिण्याचं कुलूप आता तिथे नाही.

सगळं मोकळं झालं का? नाही. कीबोर्ड, पंखा आणि बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा एक वेगळा नियंत्रक बोर्डवर असतो, त्याचा प्रोग्राम बंदच आहे. तो अद्ययावत करायचा असेल तर मूळ बायोस असतानाच करून घ्यावा, नंतर ती सोय राहत नाही. एसएसडीच्या आत स्वतःचं बंद फर्मवेअर आहे. प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे सूचना कशा पार पाडायच्या ते ठरवणारा त्याच्या आतला प्रोग्राम, बंद आहे आणि त्याच्या सुधारित फाईलीही बंदच. त्या घ्याव्यात की नाही यावर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत मोठा वाद आहे. मी घेतो. जुना मायक्रोकोडही बंदच आहे, त्यात माहीत असलेल्या चुका आहेत, आणि सुधारित फाईल नाकारून माझ्या हाती जास्त स्वातंत्र्य येत नाही.

नव्या लॅपटॉपवर हे का करत नाही, असं भाचीनं विचारलं. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून, बूट गार्ड नावाची सोय आली. लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या किल्लीचा ठसा चिपसेटमध्ये कायमचा जाळून ठेवू शकते. मग त्या किल्लीनं सही केलेलं फर्मवेअरच यंत्र चालवतं. चोरट्या फर्मवेअरपासून संरक्षण म्हणून कल्पना चांगली आहे, पण किल्ली मालकाकडे नसते. सगळ्या कंपन्यांनी सगळ्या मॉडेलवर हे कुलूप लावलेलं नाही. चौथ्याच पिढीचा थिंकपॅड टी४४०पी मोकळा राहिला आणि त्यावर आज लिबरबूट चालतं. शिवाय नव्या पिढ्यांत ती जवारी लावायचं काम इंटेल स्वतःच्या बंद पुडक्यातून देतं, त्यामुळे कोअरबूट असलं तरी रॅम कशी लागली ते वाचता येत नाही. एक्स२०० वर ते ओळ न् ओळ वाचता येतं.

हे कुणी करू नये तेही सांगतो. विंडोजच लागतं त्यांनी नको. घरात एकच लॅपटॉप आहे आणि सोमवारी परीक्षेचा फॉर्म भरायचाय, त्यांनी नको. चिप उडाली तर क्लिप लावून पुन्हा भरता येते, पण त्यासाठी दुसरा चालू संगणक लागतो. एक्स२०० जास्तीत जास्त आठ जीबी रॅम घेतो. लिहिणं, वाचणं, साधं वेब, प्रोग्रामिंग शिकणं याला तो पुरतो, दहा टॅब उघडून व्हिडिओ बघायला नाही.

मित्रानं आता खणात त्या काळ्या प्रोग्रामरशेजारी एक पिको ठेवलाय. गेल्या आठवड्यात कुणीतरी स्क्रीन फुटलेला टी४०० भंगारात द्यायला आणला, तर त्यानं तो बाजूला काढून मला फोन केला. चिपसेट एक्स२०० चाच, इंजिन इथेही पूर्ण काढता येतं. फक्त या मॉडेलमध्ये चिपपर्यंत पोचायला अख्खा बोर्ड चौकटीतून बाहेर काढावा लागतो. भाचीची परीक्षा शनिवारी संपते. चादर धुऊन ठेवली आहे.